एकमेकींचे पैसे

प्रवासाला निघताना आपले पैसे आपल्याजवळ ठेवायचे नाहीत, ही त्या दोघी बहिणींच्या आईची पद्धत. मुलींना सुट्टीत मावशीकडे पाठवायची तेव्हा थोरलीच्या परतीच्या भाड्याचे पैसे ती धाकटीच्या रुमालात बांधायची आणि धाकटीचे थोरलीच्या. "स्वतःच्या वस्तूबद्दल माणूस गाफील असतं," असं तिचं म्हणणं, "दुसऱ्याची ठेव असली की दहादा चाचपून बघतं." गाठी इतक्या घट्ट मारायची की मावशीकडे पोचल्यावर दाताने सोडवाव्या लागत, आणि रुमालाच्या टोकाला नंतर कितीतरी दिवस दातांच्या खुणा राहत. आई गेली, मावशी गेली, तसे पांढरे जाड रुमालही आता मिळत नाहीत. पद्धत मात्र राहिली. थोरली एकाहत्तरची आणि धाकटी त्रेसष्टची झाली, दोघी पहिल्यांदाच परदेशात निघाल्या, तरी थोरलीचं कार्ड धाकटीच्या पर्समध्ये होतं आणि धाकटीचं थोरलीच्या.

थोरलीला सगळे ताईच म्हणत. घरातले म्हणत, गल्लीतले म्हणत आणि ती ज्या बँकेत चौतीस वर्षं रोखपाल होती तिथला शिपाईसुद्धा म्हणे. धाकटी चिमी. तिला चिमी म्हणणारं आता ताईशिवाय जगात कोणी उरलं नव्हतं. चिमी शाळेचे गणवेश शिवायची. बाह्या, कॉलर, खिसे, काजं, असं एकोणीस वर्षं चाललं होतं. शिलाईतले निम्मे पैसे घरात जात आणि निम्मे ताईच्या शाखेतल्या एका खात्यात. हे खातं चिमीला ठाऊक, ताईला ठाऊक, आणि तिसऱ्या कोणाला नाही. चिमीच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. फार पूर्वी त्याने दुकानाचं सगळं भांडवल एका मित्राला दिलं आणि मित्र गाव सोडून गेला. त्या आठवड्यात ताईने चिमीला शाखेत बोलावून घेतलं, स्वतःच्या हाताने अर्ज भरला आणि म्हणाली, "सही कर. आणि घरी तोंड उघडू नकोस."

चिमीने उघडलं नव्हतं. परदेशाचा प्रवास ताईच्या खर्चाने चाललाय असंच तिने घरी सांगितलं होतं. निघताना नवरा म्हणाला होता, "ताई नेतायत, तर त्यांच्या कलाने घे. उगाच हे घे, ते घे करू नकोस." चिमी मान खाली घालून बॅगेची चेन ओढत राहिली होती. तिच्या खात्यात एक लाख अठरा हजार होते. प्रवासाचा निम्मा खर्च तिचाच होता.

तर झालं असं की पाचव्या दिवशी सकाळी दोघी बागेत गेल्या. बाकावर बसून ताईने पर्स शेजारी ठेवली, वाकून बुटाची नाडी बांधली, तेवढ्यात समोर बस येऊन थांबली म्हणून दोघी धावल्या. हॉटेलच्या दारात उतरल्यावर चिमी म्हणाली, "ताई, तुझी पर्स?"

ताईने एक खांदा बघितला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"बाकावर," ती म्हणाली.

"परत जाऊया का?"

"आधी कार्ड बंद. मग शोधाशोध. हे मी लोकांना चौतीस वर्षं सांगत आले. लोक आधी शोधत बसतात आणि तेवढ्यात खातं साफ होतं."

हॉटेलच्या खालच्या दालनात चार खुर्च्या, एक काचेचं टेबल आणि काउंटर होतं. काउंटरमागे एक चष्मा लावणारा सडपातळ गृहस्थ बसे. त्याला ताईचं बँकेतलं इंग्रजी कळे आणि चिमीचे हातवारे कळत. त्याने बागेच्या चौकीला फोन लावला, बराच वेळ हं-हं केलं आणि मान हलवली. बाक रिकामा होता.

ताईने कोटाच्या खिशातून फोन काढला, दुसऱ्या खिशातून वही काढली आणि चष्मा नाकाच्या टोकावर आणला. चिमीला एकदम लहानपणासारखं वाटलं. ताईने चष्मा असा आणला की आता सगळं मार्गी लागणार.

"मी तुमच्याच बँकेतून निवृत्त झालेय," ताईने पलीकडच्या मुलीला बजावलं. "माझी पर्स हरवली आहे. कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहून घ्या. जन्मतारीख सांगते. हो. कायमचं बंद करा. नाही, तात्पुरतं नको, कायमचं."

चार मिनिटांत काम झालं. ताईने फोन ठेवला आणि वहीत वेळ लिहिली: दहा वाजून सव्वीस.

"झालं. आता कोणाच्या बापाला एक पै काढता यायची नाही."

चिमीचा जीव भांड्यात पडला. ती पाणी प्यायली. चष्मेवाल्याने पण हसून मान डोलावली, आणि मग अवघडल्यासारखा होऊन एक कागद पुढे सरकवला. खोलीचे चार रात्रींचे पैसे आधीच दिले होते, उरलेल्या तीन रात्रींचे आज बारापर्यंत द्यायचे होते. दुपारी पाहुण्यांचा मोठा गट येणार होता आणि खोल्यांना मागणी होती. तो दिलगीर होता, पण बारा म्हणजे बारा.

"द्यायचेच आहेत," ताई म्हणाली. "चिमे, काढ कार्ड."

चिमीने आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यातून कार्ड काढलं. चष्मेवाल्याने ते यंत्राला टेकवलं. यंत्राने एक आवाज काढला. पुन्हा टेकवलं, पुन्हा तोच आवाज. मग आत खुपसून बघितलं. यंत्रातून एक चिठोरी बाहेर आली आणि त्याने ती ताईला दाखवली.

"तुमचं यंत्र बिघडलंय," ताई म्हणाली.

त्याने दुसरं यंत्र आणलं. चिमी तोवर कार्डाकडे बघत होती. त्यावरचं नाव तिने एकदा वाचलं आणि मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"ताई, हे तुझं कार्ड आहे."

"माझंच असणार. माझं तुझ्याकडेच असतं."

"मग तू आत्ता बंद कुठलं केलंस?"

"पर्स हरवली ना, त्या पर्समधलं."

"पण पर्स तुझी. कार्ड माझं. आणि आकडे तू तुझे सांगितलेस."

ताईने वही उघडली. वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवलं, कार्डावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा दोन्हीकडे बोट ठेवलं. तिच्या हातून चौतीस वर्षांत एका नोटेची चूक झाली नव्हती, असं ती सांगायची, आणि ते खरंही होतं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "जे आपल्या हातात आहे ते मी बंद केलं. आणि जे हरवलं ते चालू आहे."

चिमी खुर्चीत बसली. एक लाख अठरा हजार. त्यातली प्रत्येक कॉलर तिला आठवत नव्हती, पण मान धरायची ते दिवस आठवत होते, शाळा सुरू व्हायच्या आधीचे ते दोन-दोन महिने आठवत होते. आणि ते सगळं आत्ता कोणाच्यातरी खिशात रस्त्याने फिरत होतं.

"आईची पद्धत," ताई पुटपुटली.

"आईला मध्ये आणू नकोस. तू म्हणालीस कायमचं. तात्पुरतं करू का विचारत होती ना ती?"

"विचारत होती."

"आता उघडून दे म्हणावं."

"कायमचं उघडत नाही, चिमे. नवीन येतं. घरच्या पत्त्यावर. आठ दिवसांनी."

चिमीच्या पर्समध्ये ताईची रोकड होती, पण आधी ताईची रोकड संपवायची आणि मग चिमीची, असा ताईचाच बेत. त्यामुळे चिमीची अख्खी रोकड हरवलेल्या पर्सबरोबर गेली होती आणि इथे उरली होती ती सुट्टी नाणी. दोघींचा चहा आला असता, एकीला बिस्किट मिळालं असतं.

ताईने पुन्हा बँकेला फोन लावला. या वेळी दुसरी मुलगी आली आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ताई सांगताना मध्येच अडखळत होती, कारण पर्स माझी पण कार्ड बहिणीचं आणि माझं कार्ड बहिणीच्या पर्समध्ये पण तेही बंद, हे वाक्य कुठूनही सुरू केलं तरी डोक्यात गुंता होत होता. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग हरवलंय कोण?"

शेवटी चिमी स्वतः बोलली. आपलं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. खाते क्रमांक पाठ नव्हता. पासबुक घरी होतं, बटणांच्या डब्यात, वरच्या थरातल्या बटणांखाली. मुलगी म्हणाली, "हरकत नाही. तुमच्या नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवलेत. तेवढे सांगा."

चिमीने आपला फोन बघितला. काही आलं नव्हतं.

"शेवटचे दोन आकडे चार आणि एक," मुलगी म्हणाली. "त्या नंबरावर."

चिमीचा नंबर पाचावर संपत होता. चार आणि एकावर संपणारा नंबर तिला झोपेतही आला असता. तो नवऱ्याचा होता.

तिने फोनवर हात ठेवला. "ताई, अर्जात नंबर कुणाचा लिहिलास?"

ताई आठवायला लागली. एकोणीस वर्षांपूर्वीची दुपार, शाखेत गर्दी, काचेपलीकडे उभी असलेली घाबरलेली बहीण. "रकाना होता," ती म्हणाली. "तुमच्या घरात तेव्हा एकच मोबाइल होता."

"तो यांच्या खिशात असायचा."

"घरचा नंबर म्हणून लिहिला असेन."

"म्हणजे ते खातं चोरून ठेवायचं, आणि नंबर यांचा."

"चिमे, तेव्हा मेसेज कुठे येत होते?"

"नंतर आले असतील ना."

चिमीला काही केल्या हिशेब लागेना. मेसेज आले असते तर हे बोलले असते. बोलले नाहीत म्हणजे आले नाहीत. आले नाहीत तर आत्ता तरी कशाला येतील? आणि आत्ता आला असेल तर आता या क्षणी ते घरी खुर्चीत बसून सहा आकडे वाचत असतील आणि म्हणत असतील, हे काय आहे?

"मॅडम, आहात ना?" पलीकडची मुलगी म्हणाली. "आकडे तीन मिनिटंच चालतात."

एका बाजूला खातं आणि दुसऱ्या बाजूला एकोणीस वर्षांचं गप्प राहणं. दोन्ही वाचणार नव्हतं, एवढं चिमीला कळलं. तिने आपल्या फोनवरून घरी फोन लावला. ताईचा फोन टेबलावर उघडाच होता, त्यात बँक होती. नवऱ्याला ऐकू कमी येत असे, म्हणून चिमी नेहमीसारखी वरच्या पट्टीत बोलली, आणि दालनातल्या चारही खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. त्यांना शब्द कळत नव्हता हे नशीब.

"अहो, मी बोलतेय. तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत का? ते सांगा. मग सगळं सांगते."

"हळू बोल, यंत्र लावलंय कानात," नवरा म्हणाला. "आलेत. तुझ्या खात्याचे ना? घे लिहून."

चिमी लिहून घ्यायला विसरली. ताईने पेन्सिल तिच्या हातात खुपसली. आकडे आले, तिने ते टेबलावरच्या फोनला सांगितले, बँकेतली मुलगी म्हणाली, "बंद झालं, मॅडम, काळजी करू नका," आणि चिमी अजून मागच्याच वाक्यावर उभी होती.

"माझ्या खात्याचे म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या. गणवेशाच्या पैशाच्या."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मेसेज येतात की. बारा-तेरा वर्षं झाली. आधी वाटलं, बँक चुकून पाठवतेय. मग बघितलं, शाळा सुरू होताना पैसे जास्त येतात. म्हटलं, हिचंच."

"आणि बोलला नाहीत."

"तू बोलली नाहीस, म्हणून."

चिमीला आठवलं. दर वर्षी दुकानाचं भाडं भरायच्या वेळी नवरा विचारायचा, "तुझ्याकडे थोडे असतील का?" आणि ती म्हणायची, "माझ्याकडे कुठले असणार?" असं बारा वर्षं. म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होतं. मग विचारायचे कशाला? देते का बघायला? की आपण खोटं किती बेमालूम बोलतो ते ऐकायला? तिला राग यावा की लाज वाटावी, ते ठरेना. दोन्ही अर्धी अर्धी येऊन अडकली.

"आणि कानातलं यंत्र?" तिने हळूच विचारलं. ते तिने ताईची भेट म्हणून दिलं होतं.

"त्याचाही मेसेज आला होता," नवरा म्हणाला. "खात्यातून कमी झालेले आणि यंत्राच्या दुकानात भरलेले. ताईंना मी आभाराचं पत्र लिहिलं ते तुझ्या समाधानासाठी."

ताईला त्या पत्राचं फार कौतुक होतं. चिमीने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आज काय काय आलं? आज कोणी काढले का?"

"तीन आले. तुमच्या तिकडच्या घड्याळाने नऊ बावन्नला एक, दहा पाचला एक, आणि आत्ता दहा एकतीसला एक. सगळे मिळून सहा हजार चारशे."

"अहो, पर्स चोरीला गेलीय. ते मी नाही काढले."

मग नवरा म्हणाला, "असं होय. मला वाटलं, तू सुटलीस एकदाची. एवढी वर्षं साठवलेस, आता घेतेयस काहीतरी मनासारखं. पहिला आला तेव्हा म्हटलं, बरं झालं. दुसरा आला तेव्हा चहा करून प्यायलो."

चिमीला हसू आलं आणि ते बाहेर पडता पडता दुसरंच काहीतरी झालं. चष्मेवाल्याने कागदी रुमालाचा खोका पुढे केला. दहा एकतीस. ताईने वहीत दहा सव्वीस लिहिलं होतं. तिसरे पैसे गेले ते कार्ड बंद झालं म्हणून निश्चिंत पाणी पीत असताना. हे ताईलाही कळलं असावं, कारण तिने वही मिटली आणि पुन्हा उघडली नाही.

बाकीचं मग भराभर झालं. चष्मेवाल्याने समजावलं की घरच्या माणसाने तिकडच्या काउंटरवर रोख पैसे भरले की एक क्रमांक मिळतो, तो इकडे सांगायचा आणि पासपोर्ट दाखवून पैसे घ्यायचे. तसं दुकान पुढच्या चौकात आहे. पासपोर्ट त्याच्याच तिजोरीत होते. चिमीने नवऱ्याला आकडा सांगितला: तीन रात्रींचे, आणि वर जेवणापुरते. दोघींनी मिळून दोनदा गोळाबेरीज केली होती. पाऊण तासाने नवऱ्याचा फोन आला आणि त्याने क्रमांक एकेक अंक करून सांगितला, तोही दोनदा, घड्याळाचा नंबर वाचावा तसा.

दुकान म्हणजे एक खिडकी होती. तिच्यामागे एक जाड वेणीची बाई. चिमीने पासपोर्ट दिला, क्रमांक दिला. बाईने कागद पुढे केला. पाठवणाऱ्याचं नाव. नातं. किती रक्कम येणार आहे. चिमीने ताईच्या मदतीने सगळं भरलं. बाईने पडद्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि मान हलवली.

"काय म्हणते?" चिमीने विचारलं.

"रक्कम जुळत नाही म्हणते. जुळल्याशिवाय देता येत नाही."

"आपणच सांगितलेली रक्कम आहे."

"तीच सांगतेय मी तिला."

घड्याळात अकरा छप्पन्न झाले होते. मागे दोन माणसं उभी होती. चिमीने पुन्हा घरी फोन लावला.

"अहो, किती पाठवलेत?"

नवऱ्याने आकडा सांगितला. चिमीने तो ताईला सांगितला, ताईने तो इथल्या चलनात फिरवला आणि तिच्या भुवया वर गेल्या. मागितले होते त्याच्या अडीचपट होते.

"एवढे कशाला?"

"सहा हजार चारशे भरून निघावेत. आणि वर घे काहीतरी."

"पण एवढे आले कुठून? तुमच्या खात्यात तर पंधराशे होते. निघताना मीच बघितले."

"त्या खात्यात पंधराशेच आहेत," नवरा म्हणाला.

तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं होतं, शब्दही सगळे साधेच होते.

"म्हणजे आणखी कुठलं आहे?"

"तुझ्या मागे लाईन असेल," नवरा म्हणाला. "आकडा नीट लिही आणि सही कर."

चिमीने जुना आकडा खोडला आणि नवा लिहिला. बाईने पडदा बघितला आणि मान डोलावून नोटा मोजायला घेतल्या. ताई तिच्या बोटांकडे बघत होती आणि मनातल्या मनात सोबत मोजत होती.

"काय म्हणाले मेहुणे?" तिने नजर न हलवता विचारलं. "कुठून आणले?"

"कळलं नाही," चिमी म्हणाली. "कधीपासून, ते पण विचारायचं राहिलं."

बाईने नोटा खिडकीतून सरकवल्या. ताईने सवयीने हात पुढे केला आणि मग मागे घेतला. चिमीने नोटा उचलल्या, दोन भाग केले, एक भाग ताईच्या कोटाच्या खिशात घालायला गेली आणि तिथेच थांबली.

"यातले माझे कुठले, आणि तुझे कुठले?" तिने विचारलं.

"आता मला काही विचारू नकोस," ताई म्हणाली. "चल, बारा वाजतायत."